‘उपयोजित संशोधन’ : कामाला जुंपलेले की वापरून झालेले?

एका तंत्रनिकेतनातल्या अध्यापकांची विचारणा आली आहे. त्यांच्याकडे शोधनिबंधांचा एक संग्रह निघतो आहे. ठरवलेला मथळा : ‘विकसनशील देशांतील शिक्षण, व्यवसाय आणि अभियांत्रिकी या क्षेत्रांतील अप्लाइड रिसर्च’. मुखपृष्ठावर मराठी शब्द हवा, पण संपादक मंडळाचे एकमत होत नाही. ‘उपयुक्त’, ‘व्यावहारिक’, ‘अनुप्रयुक्त’ आणि ‘उपयोजित’ असे चार शब्द पुढे आले आहेत. त्यातही एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की ‘उपयोजित’ अर्थानेच चुकतो. उपयोजित म्हणजे उपयोगात आणलेले. संशोधन चालू असताना ते उपयोगात कुठे आलेले असते?

‘उपयोजित संशोधन’ खुशाल लिहा. मात्र त्या ज्येष्ठांचा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. तो नीट सोडवला तर या शब्दाने नेमके काय सांगायचे आहे तेही उलगडते, म्हणून आधी तोच घेतो.

मूळ धातू ‘युज्’, म्हणजे जोडणे. ‘उप’ लागला की उपयोग. या उपयोगाच्या घरात दोन भावंडे आहेत : साध्या धातूपासून झालेले ‘उपयुक्त’ आणि प्रयोजक रूपापासून झालेले ‘उपयोजित’. संस्कृतात ‘उपयुक्त’चा अर्थ ‘वापरलेले’ असाही होतो. मराठीत मात्र तो गुण सांगतो, उपयोगी पडणारे. ‘उपयोजित’ गुण सांगत नाही. कुणीतरी जाणूनबुजून ते कामी लावले आहे, एवढेच सांगतो. म्हणून ‘उपयुक्त संशोधन’ म्हटले की आपण निकाल देऊन मोकळे होतो, आणि बाकीचे संशोधन निरुपयोगी ठरवतो. मुखपृष्ठाने असा निकाल देऊ नये. उपयोजित संशोधन फसूही शकते. फसले म्हणून ते उपयोजित राहत नाही असे नाही.

आता ‘-इत’चा प्रश्न. ‘प्रकाशित पुस्तक’ म्हणजे प्रकाशन होऊन गेलेले पुस्तक, हे खरे. पण ‘नियोजित पूल’ म्हणताना नदीवर पूल नसतो, आणि ‘नियोजित वधू’चे लग्न लागलेले नसते. तरी कुणी अडखळत नाही, कारण इथे पूर्ण झाले आहे ते नियोजन. बांधकाम किंवा लग्न नव्हे. ‘-इत’ आपल्या स्वतःच्या धातूपुरतेच बोलतो. ‘उपयोजित’मध्ये पूर्ण झालेली क्रिया म्हणजे योजणे, एखाद्या गरजेशी जोडून देणे. बैलाच्या मानेवरचे ‘जू’ याच ‘युज्’च्या कुळातले, ‘युग’ या शब्दातून आलेले. मानेवर जू आले म्हणजे शेत नांगरून झाले असे नाही. पण बैल आता मोकळा चरत नाही, कुठल्या शेतात आणि कशासाठी हे ठरलेले आहे. उपयोजित संशोधन हे असे जू घेतलेले संशोधन. ज्येष्ठांना ‘उपयोजनपर’ किंवा ‘उपयोजनात्मक’ अधिक काटेकोर वाटत असेल, तर ती रूपेही शुद्ध आहेत. मला मात्र त्यांची गरज वाटत नाही. उपयोजित कला, उपयोजित गणित, उपयोजित मराठी, शाळेच्या पुस्तकातले उपयोजित लेखन, इतक्या ठिकाणी हा शब्द रुळला आहे की नवा घडवून वाचकाला थांबवण्यात काही मिळत नाही.

उरलेले दोन उमेदवार. ‘अनुप्रयुक्त’ संस्कृत म्हणून निर्दोष आहे, पण तो हिंदीच्या परिभाषेतला. हिंदीत त्याच्या जोडीला ‘अनुसंधान’ येते, कारण तिकडे ‘संशोधन’चा अर्थ दुरुस्ती, आपण ज्याला घटनादुरुस्ती म्हणतो ते त्यांचे ‘संविधान संशोधन’. हिंदीतले विशेषण आणि मराठीतले नाम यांची मोट कशाला बांधायची? ‘व्यावहारिक’ची अडचण वेगळी. मराठीत व्यवहार म्हटला की आधी देणेघेणे डोळ्यांपुढे येते. ‘व्यावहारिक मराठी’त तो शब्द चपखल बसतो, कारण तिथे अर्ज, पत्रे, नोंदी यांचाच विषय असतो. पण व्यवसायाच्या शेजारी ‘व्यावहारिक संशोधन’ ठेवले, तर हिशेब तपासणीचा भास होईल.

एवढ्यावर थांबता आले असते. पण संपादक मंडळाला नुसता शब्द देऊन भागणार नाही, कोणता निबंध त्या शब्दाखाली घ्यायचा हेही ठरवावे लागेल. म्हणून आपल्या तिन्ही क्षेत्रांतले खरे काम समोर ठेवून शब्द तपासू.

शिक्षणातले माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण मुंबई आणि वडोदऱ्यातले आहे. ‘प्रथम’ ही संस्था नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मुंबईत सुरू झाली. महापालिकेच्या शाळांत तिसरी-चौथीपर्यंत पोचलेली, पण अक्षर-अंकांत अडकलेली मुले हा तिच्यापुढचा रोजचा प्रश्न. त्यावर तिने ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतलीच, शाळा पुरी केलेली एक तरुणी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना शाळेच्या वेळातच दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसायची आणि पहिली-दुसरीतच यायला हवे होते ते शिकवायची. (हा समास पाहा. एरवी मराठीत बालसखी म्हणजे बालपणीची सखी. इथे ती बालांची सखी झाली. शब्द तोच, विग्रह बदलला आणि एक नवे पद तयार झाले.)

याने खरेच फरक पडतो का, हे २००१ ते २००३ या काळात अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि आई मराठी. वडोदऱ्यात त्यांनी केलेली रचना साधी आणि न्याय्य होती. यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडीने, अर्ध्या शाळांत तिसरीला बालसखी दिली आणि अर्ध्यांत चौथीला. पुढच्या वर्षी अदलाबदल. एकही शाळा रिकाम्या हाताने परत गेली नाही, आणि तुलनेसाठी दोन्ही इयत्तांत बालसखी नसलेले वर्ग मिळाले. गुणांतली सरासरी वाढ पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाएवढी निघाली (प्रमाण विचलन म्हणजे मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप). त्याहून मोलाची गोष्ट दुसरी. बालसखीकडे मुले गेल्यावर मूळ वर्गातली गर्दी कमी होत होती, तरी मागे राहिलेल्या मुलांचे गुण वाढले नाहीत. म्हणजे वर्ग लहान झाल्याने फरक पडला नव्हता; मूल जिथे आहे तिथून शिकवल्याने पडला होता. पुढे याच दिशेने शिकवण्याची पद्धत बांधली गेली आणि ती झांबियासारख्या आफ्रिकी देशांपर्यंत पोचली. २०१९ मध्ये बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

क्रेमर यांचे एक काम मराठी वाचकाला विशेष लागेल असे आहे. पश्चिम केनियातल्या बुसिया भागात शाळांना पाठ्यपुस्तके फुकट दिली, तर सर्व मुलांचे गुण वाढतील अशी अपेक्षा होती. सरासरी गुण वाढले नाहीत. फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना. पुस्तके इंग्रजीत होती, आणि पुष्कळ मुलांसाठी इंग्रजी ही घरची बोली आणि स्वाहिली यांच्यानंतरची तिसरी भाषा होती. पुस्तक हातात होते, पण वाचता येत नव्हते. अपेक्षेविरुद्ध आलेला हा निष्कर्षही पूर्णपणे उपयोजित संशोधनाचा आहे, कारण पुस्तकांवर पैसा घालावा की नाही या खऱ्या प्रश्नाला तो जुंपलेला होता. ‘उपयुक्त’ हे विशेषण इथे कसे लावाल? योजना त्या रूपात उपयोगी ठरली नाही, संशोधन ठरले.

व्यवसायाचे उदाहरण पालघर जिल्ह्यातल्या तारापूरचे आणि त्याच्या उत्तरेला गुजरातेतल्या उंबरगावचे. तिथल्या १७ कापड कंपन्यांच्या २८ गिरण्यांचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीची अवस्था अशी : सुताची पोती खुणेविना एकावर एक, कुठले सूत किती आहे याचा पत्ता नाही, अवजारे इतस्ततः, यंत्राकडे बघायचे ते बंद पडल्यावर. निवडक गिरण्यांना काही महिने विनामूल्य सल्लागार दिले. सूत प्रकार-रंगाप्रमाणे मांडणीवर लागले, कापडातल्या दोषांची रोज नोंद होऊ लागली, त्या नोंदीवर रोज बोलणे होऊ लागले. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. मग हे आधीच का केले नाही? मालकांशी बोलल्यावर कळले की अनेकांना या गोष्टी ठाऊकच नव्हत्या, किंवा ‘आपल्याकडे चालणार नाही’ असे वाटत होते. आणखी एक निरीक्षण आपल्याला ओळखीचे वाटेल : कंपनी किती मोठी होणार, हे घरातल्या पुरुषांच्या संख्येशी सर्वांत जवळून निगडित होते. बाहेरच्या व्यवस्थापकावर गल्ला सोडायला मालक तयार नसे, म्हणून मुलगे-भाऊ संपले की नव्या गिरण्याही थांबत.

इथे एक सूचना. आपल्या मथळ्यात ‘व्यवसाय’ आहे. मराठीत वकील-डॉक्टरांचे कामही व्यवसायच असते, त्यामुळे वाचक तिकडे भरकटेल. गिरण्या, कारखाने, दुकाने अभिप्रेत असतील तर ‘उद्योग’ लिहा.

अभियांत्रिकीसाठी केनियाची चूल घ्या. स्वाहिलीत चुलीला ‘जिको’ म्हणतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे थायलंडमधल्या मातीच्या शेगडीची कल्पना नेली गेली आणि शहरांत वापरल्या जाणाऱ्या पत्र्याच्या कोळसा-शेगडीशी तिचा मेळ घातला गेला : बाहेर कमरेत आवळलेला पत्रा, आत भाजलेल्या मातीचे अस्तर. उष्णता आत राहते, कोळसा कमी लागतो. पण ती घराघरांत पोचली ती ‘जुआ काली’ कारागिरांमुळे. या शब्दांचा अर्थ ‘कडक ऊन’. छप्पर नसलेल्या जागी, उन्हातान्हात पत्रा ठोकणाऱ्यांना केनियात याच नावाने ओळखतात. त्यांच्या हातोडीला जमेल असाच आकार ठरवणे हा आराखड्याचाच भाग होता. आपल्याकडे पुण्याच्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या संस्थेने आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची सुटसुटीत भट्टी बसवली, ती याच जातीची. शेतकरी जे शेतातच पेटवून देतो, त्याचा कोळसा करून कांड्या पाडायच्या. त्या कामाला २००२ मध्ये शाश्वत ऊर्जेसाठी दिले जाणारे लंडनचे अ‍ॅश्डेन पारितोषिक मिळाले.

या सगळ्यांत समान काय? प्रश्न ग्रंथालयात नव्हे, वर्गात, गिरणीत, चुलीपाशी सापडला आहे. आणि उत्तर पारखून घेण्याची शिस्त मूलभूत संशोधनाइतकीच कडक आहे. निबंध निवडताना या दोन्ही गोष्टी पाहा. प्रश्न जमिनीवरचा आहे पण पारख नाही, तर तो अनुभवकथनपर लेख झाला. तो छापण्यालायक असेल, पण ‘उपयोजित संशोधन’ या नावाखाली नको.

जवळच्या तीन शब्दांबद्दल थोडक्यात. ‘कृतिसंशोधन’ अध्यापक महाविद्यालयांत पक्के रुजले आहे. शिक्षक स्वतःच्या वर्गातली अडचण स्वतः सोडवून पाहतो, निष्कर्षही त्या वर्गापुरता. ते उपयोजित संशोधनाचे शेजारी आहे, पर्याय नव्हे. ‘प्रायोजित संशोधन’ म्हणजे कुणीतरी पैसा पुरवलेले. फरक फक्त सुरुवातीच्या ‘उप’ आणि ‘प्रा’चा, त्यामुळे मुद्रितशोधनात हा घोटाळा होतोच, तेव्हा डोळ्यांत तेल घालून पाहा. विरुद्ध बाजूला ‘शुद्ध संशोधन’ टाळा, ‘मूलभूत’ लिहा. संशोधनात ‘शुध्’ धातू आधीच बसलेला आहे, आणि एकाला शुद्ध म्हटले की दुसरे अशुद्ध ठरते.

लेखनात ‘उपयोजित’मधला ‘जि’ ऱ्हस्व. ‘विकासशील’ हे हिंदी वळण, मराठीत ‘विकसनशील’. आपल्या मथळ्यात ‘देशांतील … क्षेत्रांतील’ असे दोनदा ‘-तील’ येऊन वाचताना ठेच लागते. त्याऐवजी ‘विकसनशील देशांतील उपयोजित संशोधन : शिक्षण, उद्योग, अभियांत्रिकी’ असे घ्या. आणि आत ‘संशोधने’ असे अनेकवचन शक्यतो करू नका. ‘अभ्यास’ किंवा ‘शोधनिबंध’ म्हटले की वाक्य आपोआप सरळ होते.