एका फेरीला एक अडकित्ता

मुलांना घरीच शिकवणाऱ्या पालकांनी या महिन्यात पाठवलेल्या प्रश्नांत फिरून फिरून एकच गोष्ट होती: चार ते आठ वर्षांच्या पोरांना घेऊन जायचं कुठे, आणि गेल्यावर करायचं काय? त्यातल्या काहींना इथे उत्तरं देते. माझ्या दोन मुलांना मी पुण्यात घरीच शिकवलं. तेव्हा फसलेल्या सहलींचा अनुभवही भरपूर आहे.

प्रश्न : ताई, पाच वर्षांच्या मुलाला केळकर संग्रहालयात नेलं. वीस मिनिटांत ‘घरी चल’ सुरू झालं. आता ‘म्युझियम’ म्हटलं तरी तोंड फिरवतो. आमचं काय चुकलं? (पिंपरी)

वीस मिनिटं टिकला म्हणजे बराच टिकला. दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तू आहेत सुमारे २० हजार. मांडलेल्या त्यातल्या थोड्याच, तरी त्या बघून मोठ्या माणसाचेही पाय भरून येतात. तिकीट काढलंय म्हणून आपण तळमजल्यापासून वरपर्यंत सगळं वसूल करायला निघतो. मुलाला त्या वसुलीशी काही देणंघेणं नसतं.

आमची पहिली फेरीही रडारडीचीच झाली होती. दुसऱ्या वेळी जायच्या आदल्या दिवशी आजीचा अडकित्ता फडताळातून काढला. आजीने सुपारी कातरून दाखवली, मग मुलीने तो मिटलेला अडकित्ता हातात घेऊन उलटसुलट बघितला. संग्रहालयात काम एकच: याचे भाऊबंद शोधायचे. अडकित्त्यांच्या कपाटापुढे तिने चक्क बसकण मारली. कुठे घोडा, कुठे पक्षी, कुठे माणसांची जोडी. पंधरा मिनिटांनी म्हणाली, “आई, सुपारी फोडायला एवढंच लागतं,” आणि बोटाने हवेतच पातं आणि खिळा दाखवला. “बाकीची सगळी नुसती मज्जा आहे.” तरफ हा शब्द मी तेव्हा काढलाच नाही. दोन वर्षांनी तो पुस्तकात आला तेव्हा ती “अडकित्ता!” म्हणून ओरडली.

पुढच्या फेरीला पाय घासायच्या वज्र्या बघितल्या, त्यानंतरच्या फेरीला दिवे. पाऊण तास झाला की बाहेर पडायचं. तुमच्या मुलाला रागच बसला असेल तर दोन महिने म्युझियमचं नाव काढू नका, ‘अडकित्ते बघायला जाऊ’ म्हणा. आणि कृपा करून त्याच्या हातात प्रश्नांचा कागद देऊ नका. कागदच द्यायचा होता तर शाळा काय वाईट होती?

प्रश्न : आम्ही दादरला राहतो. समुद्र जवळ आहे, पण वाळूत किल्ले करण्यापलीकडे काही सुचत नाही. (मुंबई)

मुंबईकरांचा मला हेवा वाटतो तो एवढ्याचसाठी. ओहोटीला खडक उघडे पडतात, तेव्हा जा. हाजी अलीच्या आसपास, जुहूला किंवा गिरगावच्या बाजूला खडकांत साचलेल्या पाण्यात जे दिसतं त्याला तिकीट नाही.

आधी वेळ काढायला शिका, आणि ती मुलांबरोबरच काढा. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. तृतीया असेल तर तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमारास भरती. ओहोटी त्याच्या सहा तास आधी, सकाळी आठच्या आसपास. मोबाइलवर भरती-ओहोटीचं कोष्टक मिळतं, ते ताडून पाहायलाच हवं, कारण हा हिशेब अंदाजाचा आहे. पण भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी बघून मुलाने स्वतः वेळ सांगितली आणि समुद्राने ती पाळली, याची मजा मोबाइलमध्ये नाही. रोज भरती सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, हेही चार दिवस लिहून ठेवलं की त्यांच्याच लक्षात येतं.

पाणी सर्वांत मागे जातं ते अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात आणि पुढचे एक-दोन दिवस. अष्टमीच्या सुमाराला भांगाची ओहोटी असते, तेव्हा फारसं काही उघडं पडत नाही. म्हणून लहानग्यांसाठी द्वितीया-तृतीयेची सकाळ उत्तम. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोचा आणि पाणी फिरलं की निघा, ‘अजून पाचच मिनिटं’ ऐकू नका. चपला नकोत, मागून बंद असलेले जुने बूट घाला. हात लावायचा नाही, उकिडवं बसून बघायचं. दगड उचललाच तर होता तसाच परत ठेवायचा, त्याच्या खाली कुणाचं तरी घर असतं.

रिकामे शंख घरी आणू नका. शंखात राहणारा खेकडा मोठा झाला की त्याला मोठा शंख शोधावा लागतो. माझ्या मुलाने एकदा अशा खेकड्यापासून वीतभर अंतरावर एक रिकामा शंख ठेवला आणि आम्ही अर्धा तास श्वास रोखून बसलो. खेकडा आला, नांगीने शंखाचं तोंड चाचपलं आणि चालता झाला. “त्याला टू बीएचके हवा असेल,” मुलाचे बाबा म्हणाले.

पावसाळ्यात मात्र हे बंद ठेवा. खडक शेवाळतात, लाटांचा नेम नसतो, आणि त्या दिवसांत किनाऱ्याला लागणारे ब्लू बॉटल दिसायला निळ्या फुग्यासारखे असले तरी डंख जबरदस्त मारतात.

प्रश्न : आमचं तालुक्याचं गाव. इथे ना संग्रहालय, ना तारांगण. शहरातल्या मुलांना मिळतं ते आमच्या मुलांना कसं द्यायचं? (सोलापूर जिल्हा)

एसटी स्टँड आहे ना? मग सुरुवात तिथून करा. वाचायला शिकणाऱ्या मुलाला बसच्या पाट्यांसारखं पुस्तक नाही: मोठी अक्षरं, ओळखीची गावं, आणि वाचून होईपर्यंत गाडी हलते की काय ही धाकधूक. ‘मार्गे’मधला रफार माझी मुलगी स्वारगेटला शिकली. ‘विनावाहक’ म्हणजे काय, हे तिने एका कंडक्टरलाच विचारलं होतं. त्यांनी हसत उत्तर दिलं.

आठवडी बाजारात मुलाच्या हातात वीस रुपये आणि एक पिशवी द्या. पावशेर मिरचीचे किती झाले आणि परत किती यायला हवेत, हे त्याला करू द्या. मागे उभे राहा, पण तोंड उघडू नका. ते फार अवघड जातं.

ऊसपट्ट्यात असाल तर हंगामात गुऱ्हाळ चुकवू नका. चरकातून हिरवट रस निघतो, काहिलीत उकळतो, रानभेंडीच्या चिकट पाण्याने मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. पाक झाला का हे बघायला गुळव्या त्याचा थेंब गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी गोळी वळून बघतो. थर्मामीटर नाही, काही नाही. आधी मालकांना विचारून जा, चुलवाणापासून मुलांना लांब धरा, आणि डबीत थोडी काकवी मागून आणा.

प्रश्न : आम्ही सहा कुटुंबं एकत्र जातो. अकरा मुलं, वय दोन ते नऊ. दर वेळी गोंधळ. (नाशिक)

तीन कुटुंबं एका वेळी. सहा झाली की मोठ्यांचंच संमेलन भरतं. दर अर्ध्या तासाने डोकी मोजायचं काम एकाच माणसाकडे द्या, ‘सगळे लक्ष ठेवू’ म्हणजे कुणीच ठेवत नाही. आणि डबा आधी उघडा. तो शेवटी खायची पद्धत कुणी पाडली, देव जाणे.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलाला पहिला किल्ला कोणता दाखवावा? रायगड की राजगड? (सातारा)

दोन्ही नको. रायगडाला रोपवे आहे खरा, पण वर गेल्यावर उन्हातली पायपीट टळत नाही, आणि राजगड तुम्हाला त्याला कडेवर घेऊनच चढावा लागेल. मालवणला गेलात तर सिंधुदुर्ग बघा. होडीतून जायचं म्हटल्यावर अर्धी बाजी तिथेच मारली. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आहेत, चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मधे गोडं पाणी. ‘कसं काय?’ हा प्रश्न त्याच्याकडून येईपर्यंत थांबा. पावसाळ्यात होड्या बंद असतात.

प्रश्न : मुलगी सहाव्यांदा राणीच्या बागेत जायचं म्हणते. तेही पेंग्विनसाठी नाही, बाजूच्या संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती बघायला! कंटाळा आलाय. (लालबाग)

तुम्हाला आलाय, तिला नाही. तो हत्ती मूळचा घारापुरीचा. त्याला बघूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे ते इथे आणून १९१४ मध्ये पुन्हा जोडले. ही गोष्ट तिला सांगा आणि सातव्या फेरीला हत्ती कुठे कुठे सांधलाय ते शोधायला लावा. बुधवारी मात्र जाऊ नका, बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात.