प्लगइन लिहायला बसताना साचा घ्यावा का?

प्रश्न : आमच्या दूध संघातील शीतकरण टाक्यांचे तापमान आणि दुधाची पातळी आम्ही ग्राफाना या आलेख दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या डॅशबोर्डवर पाहतो. टाकीचे चित्र काढून त्यात पातळी दाखवणारे पॅनेल मला स्वतः तयार करायचे आहे. इंटरनेटवर मिळालेल्या एका जुन्या प्लगइनच्या (ग्राफानाला जोडायच्या पूरक प्रोग्रामच्या) कोडमध्ये बदल करून पाहिले, पण आमच्या ग्राफाना 12 वर ते चालतच नाही. सहकारी म्हणतात, टेम्प्लेट, म्हणजे तयार साचा, घे. पण त्यातल्या ढीगभर फायली पाहून धास्ती वाटते. काय करावे? – एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांचा सल्ला योग्य आहे. आपण उतरवून घेतलेला कोड बहुधा अँग्युलर या जुन्या वेब-चौकटीवर लिहिलेला असावा. अँग्युलर प्लगइनचा आधार ग्राफाना 11 मध्ये, म्हणजे 2024 साली, मूळ सेटिंगमध्येच बंद ठेवण्यात आला आणि 2025 साली आलेल्या ग्राफाना 12 मधून तो पूर्णपणे काढून टाकला गेला. त्यामुळे तो कोड कितीही दुरुस्त केला तरी नव्या आवृत्तीत चालणार नाही. आता पॅनेल रिअॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीतच लिहावे लागते.

मात्र त्याआधी ग्राफानामध्येच असलेले ‘कॅनव्हास’ पॅनेल एकदा पाहून घ्यावे. चित्रावर आकडे आणि रंग बदलणारे आकार ठेवण्याची सोय त्यात आहे. तेवढ्यावर आपले काम भागत असेल, तर प्लगइन लिहून ते पुढे वर्षानुवर्षे सांभाळण्याचा खटाटोप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पातळीप्रमाणे भरत जाणारी टाकीच हवी असेल, तर मात्र अवश्य लिहावे.

टेम्प्लेटसाठी ग्राफानाचे ‘क्रिएट-प्लगइन’ हे साधन आहे. नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारे साधन) बसवलेल्या संगणकावर ते एनपीएक्स या नोडसोबत येणाऱ्या कमांडने चालवले की प्लगइनचा प्रकार, त्याचे नाव आणि संस्थेचे नाव विचारले जाते. येथे घाई करू नये. संस्था, प्लगइन आणि प्रकार ही तीन नावे जोडून प्लगइनचा आयडी बनतो आणि जतन केलेल्या प्रत्येक डॅशबोर्डमध्ये पॅनेलची ओळख म्हणून तोच नोंदवला जातो. मी एकदा चाचणीपुरते म्हणून काहीतरी नाव दिले आणि पुढे ते बदलले, तेव्हा आधीच्या सगळ्या डॅशबोर्डवर प्लगइन सापडत नसल्याचा संदेश झळकला. एकेक डॅशबोर्ड उघडून तो आयडी मला हाताने बदलावा लागला.

आता त्या ढीगभर फायलींविषयी. त्यांतील बहुतेक ‘डॉट कॉन्फिग’ या फोल्डरमध्ये असतात. वेबपॅक, टाइपस्क्रिप्ट, जेस्ट या कोड बांधण्याच्या आणि तपासण्याच्या साधनांची जुळणी तेथे असते आणि तिला हात लावायचा नसतो, कारण पुढे साधनाची ‘अपडेट’ ही कमांड चालवली की तो भाग नव्याने लिहिला जातो आणि आपण तेथे केलेले बदल पुसले जातात. वेगळी जुळणी हवी असेल, तर बाहेर स्वतःची फाइल करून मूळ फाइल तिच्यात समाविष्ट करावी. आपले खरे काम ‘एसआरसी’ फोल्डरमध्येच आहे.

त्यातील ‘सिंपलपॅनेल’ हा नमुना पुसून टाकण्याची घाई करू नका. तो एक वर्तुळ काढतो, एवढेच. पण ते वर्तुळ काढणाऱ्या घटकाला रुंदी, उंची, डेटा आणि पर्याय या चार गोष्टी बाहेरून कशा मिळतात, हे त्यात स्वच्छ दिसते. वर्तुळाच्या जागी आयत काढा, डेटामधील पहिल्या मालिकेतले संख्यात्मक फील्ड शोधा, त्यातील शेवटचा आकडा टाकीच्या क्षमतेने भागा आणि येणाऱ्या गुणोत्तराने आयताची उंची ठरवा. आपली पहिली टाकी तयार झाली. उंची पिक्सेलमध्ये ठोकून बसवू नका, मिळालेल्या उंचीवरूनच काढा, नाहीतर कोणी पॅनेल लहान केले की टाकी चौकटीबाहेर जाईल. टाकीची क्षमताही कोडमध्ये न लिहिता ‘मॉड्यूल’ फाइलमध्ये पर्याय म्हणून जोडावी, म्हणजे लहानमोठ्या सर्व टाक्यांना एकच प्लगइन पुरेल.

काम करताना एका टर्मिनलवर ‘एनपीएम रन डेव्ह’ आणि दुसऱ्यावर डॉकर कंपोज (चाचणीसाठी वेगळा ग्राफाना चालवणारे साधन) चालू ठेवावे. डॉकरमधील ग्राफाना आपल्या ‘डिस्ट’ फोल्डरमधूनच प्लगइन उचलतो. पहिली कमांड विसरली तर ते फोल्डरच तयार होत नाही आणि यादीत प्लगइन दिसत नाही. कोडमधला बदल पान ताजे करताच दिसतो, पण ‘प्लगइन डॉट जेसन’ बदलल्यावर ग्राफाना बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. नवशिक्यांचा बराच वेळ येथेच वाया जातो. त्याच फाइलमध्ये ग्राफानाची किमान आवृत्ती लिहिलेली असते. ती कार्यालयातील सर्व्हरच्या आवृत्तीशी आधीच ताडून पाहावी.

शेवटचा टप्पा सहीचा, म्हणजे प्लगइनच्या खरेपणाची डिजिटल खूण घेण्याचा. टेम्प्लेटमधील डॉकर विकासाच्या अवस्थेत चालतो, म्हणून सही नसलेले प्लगइनही तेथे बिनतक्रार चालते. कार्यालयातील सर्व्हर मात्र ते नाकारतो. संघापुरतेच वापरायचे असेल, तर ग्राफाना क्लाउडचे खाते काढून, आपल्या सर्व्हरचा पत्ता देऊन खासगी सही करून घ्यावी. सर्व्हरच्या सेटिंग फाइलमध्ये त्या एका आयडीला परवानगी देऊनही काम होते, परंतु सही केलेल्या प्लगइनच्या फायलींत कोणी फेरफार केला तर ग्राफानाला तो ओळखता येतो, म्हणून मी पहिला मार्ग सुचवेन.