इंग्लंडमधल्या खेड्यातली पॅरिश कौन्सिल नेमकं काय काम करते?

पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या हद्दीतला भाग; नावात तो शब्द असला तरी आता चर्चशी संबंध नाही. १८९४ च्या कायद्याने गावकारभार निवडून आलेल्या सदस्यांकडे आला. कामं छोटी, पण गावाच्या जिव्हाळ्याची: बसथांब्याचं छप्पर, मुलांचं मैदान, दफनभूमी, भाजीपाल्यासाठी भाड्याने द्यायचे जमिनीचे तुकडे. बऱ्याच कौन्सिलांनी जुने लाल फोनबूथ एका पौंडाला घेऊन त्यात डिफिब्रिलेटर बसवलेत, म्हणजे कुणाचं हृदय अचानक बंद पडलं तर यंत्र हाताशी. मला हे फार मोलाचं वाटतं. पैसा कौन्सिल टॅक्समधून, म्हणजे घरांवरच्या स्थानिक करातून येतो. सदस्य किमान पाच, बहुतेक बिनपगारी. गाडा ओढतो तो पगारी क्लार्क. सभेची नोटीस तीन पूर्ण दिवस आधी लागायलाच हवी. नव्या बांधकामावर मात्र फक्त मत देता येतं, परवानगी वरची कौन्सिलच देते. गावकरी सर्वांत जास्त चिडतात ते यावरच, आणि त्यांचं चुकत नाही.