अब्राहाम तर पहाटेच निघाला, ताई

“देव काय सांगतोय ते कळतं, पण पाऊल उचलत नाही. म्हणजे माझा विश्वासच खोटा का?” हा प्रश्न घेऊन बरेच विश्वासू माझ्याकडे येतात. त्यातले एक गृहस्थ विसरता येत नाहीत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

नगर जिल्ह्यातले, निवृत्तीला आलेले शिक्षक. चर्चच्या मंडळीत मान होता. बांधावरून थोरल्या भावाशी भांडण झालं, ते कोर्टात गेलं आणि नऊ वर्षं बोलणं बंद. एका रविवारी उपदेशात बायबलमधलं मत्तय 5:23-24 निघालं. वेदीपाशी अर्पण आणल्यावर आठवलं, की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेवावं, आधी त्याच्याशी समेट करावा. त्या दिवसापासून त्यांनी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, सोडलं. झोपही उडाली.

“देवानं पोटच्या मुलाचं अर्पण मागितलं, तरी अब्राहाम पहाटे उठून निघाला, ताई. मी चार महिने उंबऱ्यातच उभा आहे. आणि बांध तर भावानंच कोरला!”

मी विचारलं, “नेमकी भीती कशाची वाटते?” बराच वेळ ते हातातल्या टोपीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “त्यानं दार लावून घेतलं तर? गल्लीतले सगळे बघतील.”

जमीन बाजूलाच राहिली होती. दुखत होती ती अब्रू.

मी उत्पत्तीचा 18वा अध्याय उघडला. मुलाला घेऊन मोरियाला निमूट निघालेला हाच अब्राहाम सदोम शहराचा नाश होऊ नये म्हणून देवाशी घासाघीस करतो, पन्नासांवरून दहा नीतिमानांपर्यंत येतो. देव एकदाही रागावत नाही. मग प्रेषितांची कृत्ये, अध्याय 9. दिमिष्कातल्या (दमास्कसमधल्या) हनन्या नावाच्या शिष्याला प्रभू ‘सरळ’ नावाच्या रस्त्यावर, विश्वासणाऱ्यांचा छळ करणाऱ्या शौलाकडे जायला सांगतो. हनन्या लगेच उठत नाही. या माणसानं यरुशलेमेत पवित्र जनांचं किती वाईट केलंय, हे तो प्रभूला ऐकवतो. प्रभू ऐकून घेतो आणि पुन्हा ‘जा’ म्हणतो. मला या भागात सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे, की हनन्या पोहोचण्याआधीच शौल तिकडे प्रार्थना करत होता. आणि आत गेल्यावर हनन्याच्या तोंडून आधी निघालं, “शौल भाऊ.”

ते वाक्य त्यांनी स्वतः दोनदा वाचलं.

मी त्यांना समेट करून या असं सांगितलं नाही. भीती जशी आहे तशी प्रार्थनेत बोला, आणि ‘दादा’ हा शब्द रोज एकदा मोठ्यानं उच्चारा, एवढंच सांगितलं.

इथं एक सांगायलाच हवं. आज्ञा शास्त्रात स्पष्ट असली तरी ती पाळण्याची रीत विचारपूर्वक ठरवावी लागते. मारहाण करणाऱ्याच्या घरी एकटीनं परत जाणं म्हणजे आज्ञापालन, असं मी कोणत्याही बहिणीला सांगणार नाही. आणि औषध बंद कर, कुणाला इजा कर असा ‘आवाज’ ऐकू येत असेल, तर पाळकांना आणि डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावं.

पाच आठवड्यांनी ते शिक्षक भावाच्या घरी गेले. भाऊ बाहेर आला नाही. वहिनींनी ओट्यावर चहा आणून दिला. परत निघताना त्यांनी दाराकडे बघून “दादा, येतो,” म्हटलं. आतून खोकला आला, उत्तर नाही.

पुढच्या भेटीत म्हणाले, “ताई, कप मोकळा होईपर्यंत वहिनी आत गेली नाही. येत्या रविवारी मी प्रभुभोजन घेणार आहे. आणि पुढच्या महिन्यात परत जाणार आहे.”