गिटमध्ये मर्ज अडले, तर कोणाचा बदल ठेवावा?

प्रश्न : कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिट या प्रणालीत मी आणि माझ्या सहकारी बाईंनी एकाच फाइलमधील कर-आकारणीची तीच ओळ आपापल्या ब्रँचवर (कामाच्या स्वतंत्र शाखेवर) बदलली. मर्ज करताना, म्हणजे दोन्ही ब्रँच एकत्र करताना, गिट थांबले आणि फाइलमध्ये विचित्र खुणा उमटल्या. कोणता भाग पुसावा?

उत्तर : घाईने काहीच पुसू नये. सात ‘<’ चिन्हांच्या ओळीपासून सात ‘=’ चिन्हांच्या ओळीपर्यंतचा मजकूर आपल्या चालू ब्रँचचा असतो आणि तेथून सात ‘>’ चिन्हांपर्यंतचा आत येणाऱ्या ब्रँचचा. मात्र मूळ ओळ काय होती हे त्यात दिसत नाही आणि माझ्या मते खरी अडचण हीच आहे. ‘मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल’ या सेटिंगला ‘डिफ३’ हे मूल्य दिल्यास पुढील मर्जपासून दोन्हींच्या मध्ये समाईक पूर्वजातील, म्हणजे दोन्ही ब्रँच जिथून फुटल्या त्या आवृत्तीतील, मजकूरही छापला जातो. मूळ दर १२ असून बाईंनी तो १८ केला आणि आपण केवळ पूर्णांकन जोडले, असे त्यावरून कळले, तर दोन्ही बदल हवे आहेत हे उघड होते. अशा वेळी एक बाजू पुसणे म्हणजे सहकाऱ्याचे काम नकळत फेकून देणे होय. शंका असल्यास बाईंनाच विचारावे.

ओळ जुळवून, खुणा काढून आणि चाचण्या चालवून मगच ‘गिट अ‍ॅड’ व ‘गिट कमिट’ करावे, म्हणजे बदल निवडून गिटमध्ये नोंदवावेत. गोंधळ वाढल्यास ‘गिट मर्ज --अबॉर्ट’ने मागे फिरता येते, परंतु कमिट न केलेले बदल त्यात परत मिळतीलच असे नाही, म्हणून मर्जपूर्वी ते कमिट करून ठेवावेत.