१०० मीटरचा वेग आणि सामन्यातला वेग : विंगरविषयीच्या प्रश्नाचे उत्तर

आपल्या फुटबॉल संघातला सतरा वर्षांचा विंगर (मैदानाच्या कडेने चढाई करणारा खेळाडू) १०० मीटरच्या शर्यतीत सगळ्यांना मागे टाकतो, पण सामन्यात मोकळ्या चेंडूवर त्याच्याहून मंद समजला जाणारा बचावपटू आधी पोहोचतो. अशा वेळी त्याच्याकडून १०० मीटरच्या धावा आणखी करून घ्याव्यात का, असा आपला प्रश्न आहे. माझे स्पष्ट मत आहे की त्या धावा वाढवू नयेत.

१०० मीटरची वेळ हा एकच आकडा दिसत असला, तरी त्यात सुरुवातीची झेप, वेग वाढवणे, सर्वोच्च वेग आणि तो टिकवणे अशा निरनिराळ्या क्षमता एकत्र मोजल्या जातात. उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला ९.५८ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याला पहिल्या १० मीटरला प्रतिक्रियेच्या वेळेसह १.८९ सेकंद लागले आणि त्याचा सर्वोच्च वेग, म्हणजे ताशी ४४ किलोमीटरहून अधिक, ६० ते ८० मीटरच्या टप्प्यात नोंदला गेला. म्हणजे जगातला सर्वांत वेगवान धावपटूही निम्म्याहून अधिक अंतर वेग वाढवतच होता. फुटबॉलमधल्या बहुतेक वेगवान धावा २० मीटरच्या आत संपतात. आपला मुलगा ज्या टप्प्यात इतरांना मागे टाकतो, तो टप्पा सामन्यात क्वचितच येतो.

याची उलट बाजूही पाहण्याजोगी आहे. अमेरिकन फुटबॉलमधला डीके मेटकाफ हा आपल्या खेळात अतिशय वेगवान गणला जाणारा खेळाडू २०२१ मध्ये व्यावसायिक धावपटूंबरोबर १०० मीटर धावला, १०.३६ सेकंद ही भरभक्कम शरीराच्या खेळाडूसाठी उत्कृष्ट वेळ होती, तरी आपल्या हीटमध्ये (प्राथमिक फेरीच्या शर्यतीत) तो शेवटचा आला. मैदानावर त्याला ज्या वेगाचा उपयोग होत होता, तो यामुळे खोटा ठरत नाही.

सुरुवातीचा वेग आणि पूर्ण वेग यांतला फरक शरीराच्या कामातच आहे. सुरुवातीच्या काही पावलांत धड पुढे झुकलेले असते, पाय जमिनीवर तुलनेने जास्त वेळ टेकतो आणि शरीराच्या वजनाच्या मानाने जमिनीला मागे किती जोराने रेटता येते यावर सगळे अवलंबून असते. पूर्ण वेगात धड सरळ होते, पाऊल जमिनीला सेकंदाच्या दहाव्या भागाएवढाच किंवा त्याहूनही कमी वेळ लागते आणि तेवढ्या वेळात मोठे बल खाली लावावे लागते. एकात चांगला असलेला खेळाडू दुसऱ्यात साधारण असू शकतो, आणि आपल्या विंगरचे तसेच असावे असा माझा अंदाज आहे.

तो अंदाज मोजून तपासावा, मात्र हातातल्या स्टॉपवॉचवर विसंबू नये. बोटाने कळ दाबण्यातली चूक सेकंदाच्या एक-दोन दशांशांची सहज असते आणि १० मीटरमध्ये दोन खेळाडूंतला खरा फरकही तेवढाच असतो. टायमिंग गेट (खेळाडू ओलांडताच वेळ आपोआप नोंदणारी उपकरणे) नसतील, तर सेकंदाला २४० फ्रेम (स्थिर चित्रे) टिपणारा मोबाइल तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) ठेवावा. धावेच्या रेषेवर ०, १०, २० आणि ३० मीटरवर काठ्या रोवाव्यात. पण कॅमेरा एका जागेवरून तिरपा पाहतो, म्हणून प्रत्येक काठी कॅमेऱ्यातून पाहताना खेळाडूची कंबर नेमकी त्या अंतरावर असताना काठीशी जुळेल अशी थोडी सरकवून घ्यावी. नंतर फ्रेम मोजाव्यात. शेवटच्या १० मीटरला २६४ फ्रेम लागल्या, तर वेळ १.१० सेकंद, म्हणजे वेग ताशी सुमारे ३२.७ किलोमीटर. पहिल्या १० मीटरची वेळ आणि २० ते ३० मीटरची वेळ वेगवेगळ्या लिहाव्यात. संघातल्या क्रमवारीत तो या दोन्हींत कुठे बसतो, हे पाहिले की दुखणे कळेल.

पहिल्या १० मीटरमध्येही तो पुढेच असेल, तर प्रश्न पायांचा नसून उभे राहण्याचा आणि पाहण्याचा आहे. पास सुटण्याच्या क्षणी त्याच्या टाचा जमिनीवर आहेत का, गुडघे सरळ आहेत का, कंबर चेंडूकडेच वळलेली आहे की मोकळ्या जागेकडेही थोडी उघडी आहे, हे सामन्याच्या चित्रणात थांबवून पाहावे. बचावपटू पास सुटण्याआधीच हलका होऊन तयार असतो आणि तिथेच तो एक पाऊल मिळवतो. एक सूचना मात्र आग्रहाने करतो: समांतर पायांवरून निघताना एक पाऊल किंचित मागे पडते, ती चूक समजून अनेक प्रशिक्षक मोडून काढतात. त्या पावलामुळेच शरीर पुढे झुकते आणि रेटा मिळतो. ते तसेच राहू द्यावे.

तो पहिल्या १० मीटरमध्येच मागे पडत असेल, तर १० ते २० मीटरच्या धावा उभ्याने, चालता चालता, पाठमोरे उभे राहून वळून, अशा निरनिराळ्या सुरुवातींनी कराव्यात. सोबत स्क्वॉटसारखे (बैठकांसारखे) ताकदीचे व्यायाम आणि वजन लावलेली स्लेज (जमिनीवरून घसरणारी गाडी) ओढत केलेल्या छोट्या धावा उपयोगी पडतात. विश्रांतीत कंजुषी करू नये. दर १० मीटरमागे साधारण एक मिनिट थांबावे. अशा धावेला लागणारा स्नायूंमधला फॉस्फोक्रिएटिनचा (झटपट ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचा) साठा भरून यायला मिनिटे लागतात, आणि तो भरण्याआधी पुन्हा पळवले की वेगाचा सराव संपून दमसासाचा सुरू होतो.

पूर्ण वेगाची धाव मात्र सोडू नये. मांडीमागचे स्नायू बहुधा पूर्ण वेगात, पाय पुढे येऊन टेकण्याच्या बेतात असताना दुखावतात, आणि ज्या खेळाडूला सरावात त्या वेगाची सवयच नाही, त्याला सामन्यातली एक लांब धाव महागात पडते. आठवड्यात काही मोजक्या ३० ते ४० मीटरच्या धावा आणि नॉर्डिक हॅमस्ट्रिंगचा व्यायाम (गुडघ्यांवर उभे राहून, घोटे धरून ठेवलेले असताना धड सावकाश पुढे झुकवणे) पुरेसा आहे. या धावा सत्राच्या शेवटी ठेवण्याची पद्धत मला धोक्याची वाटते. अंग तापवून झाल्यावर लगेच, पाय ताजे असताना त्या कराव्यात, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी लांब धावा टाळून १० मीटरच्या दोन-चारच घ्याव्यात.