बिल्स, घोळका आणि तीनदा गरम केलेलं वरण

बफेलोजवळच्या रॉचेस्टरहून आलेलं पत्र चार पानी आहे आणि त्यात काळज्याही चार आहेत. सासूबाई सहा महिन्यांसाठी येताहेत, धाकटी मराठीत उत्तर देत नाही, कोथरूडचा फ्लॅट ठेवायचा की विकायचा हे ठरत नाही. चौथी काळजी, अमेरिकन फुटबॉलमधल्या बफेलो बिल्स या टीमवरून घरात होणाऱ्या भांडणाची, खरं तर पहिल्याच पानावर आहे, आणि मीही तिथूनच सुरुवात करणार. बाकीच्यांचं जागा उरली तर बघू.

"मावशी," ती लिहिते, "आमच्याकडे रविवारी दुपारी एकपासून घरात दोन पक्ष पडतात. ह्यांचं म्हणणं, बिल्सनी प्रत्येक ड्राइव्हला नो-हडल खेळावं, समोरच्याला दम घेऊच देऊ नये. मुलगा दहावीत आहे, शाळेच्या टीममध्ये आहे. तो म्हणतो, बाबा, त्यानं आपलाच डिफेन्स मरतो. परवा वरण तीनदा गरम केलं. शेवटी मुलगा 'तुम्हाला काही कळत नाही' म्हणून ताटावरून उठला. मला तर दोघांचंही कळत नाही. मी स्वयंपाकघरात जाते."

अगं मुली, स्वयंपाकघरात जाऊन कसं चालेल? इतकी वर्षं त्या गावात काढलीस, बर्फ उपसलास, आणि गावाचा एकमेव धर्म तेवढा शिकायचा ठेवलास! बस जरा, मी सांगते.

तुला वाटतंय दोघं एकाच गोष्टीवरून भांडतायत. तसं नाहीये. घोळका न करणं, म्हणजे तुमचं ते नो-हडल, ही एक गोष्ट आणि घाई करणं ही दुसरी. जावईबुवा तोंडानं पहिलीचं नाव घेतात, त्यांना हवी असते दुसरी. लेकाला राग दुसरीचा आहे, तो काढतो पहिलीवर.

आधी शब्द. बॉल ज्यांच्याकडे ते ऑफेन्स, अडवणारे ते डिफेन्स. एकेक चाल म्हणजे प्ले किंवा डाऊन; चार डाऊनमध्ये दहा यार्ड पुढे गेलं की परत पहिला डाऊन मिळतो. बॉल हातात आल्यापासून जाईपर्यंत सगळा मिळून एक ड्राइव्ह. आधीचा प्ले संपला की 40 सेकंदांचं घड्याळ सुरू होतं, तेवढ्यात पुढचा स्नॅप, म्हणजे बॉल मागे देऊन चाल सुरू करणं, व्हायला हवा. नेहमीची टीम मागे जाते, डोकी एकत्र करते, क्वार्टरबॅक, म्हणजे ऑफेन्स चालवणारा आणि पास टाकणारा गडी, कुजबुजतो, मग सगळे लाइनवर येतात. नो-हडलवाले थेट लाइनवर जाऊन उभे राहतात. तिथून पुढे दोन वाटा. ताबडतोब स्नॅप घ्यायचा, किंवा आरामात उभं राहून समोरचे कोण कुठे उभे आहेत ते बघायचं, हातवारे करून बेत बदलायचा आणि घड्याळात दोन सेकंद उरली असताना स्नॅप घ्यायचा. पेटन मॅनिंग हा क्वार्टरबॅक इंडियानापोलिसच्या टीममध्ये वर्षानुवर्षं हेच करत होता. घोळका नाही आणि घाईही नाही.

आमचे हे सांगलीच्या शाळेत खो-खो खेळलेले. त्यांनी मला हे पहिल्यांदा समजावलं ते तसंच. पाठलाग करणारे खांबाजवळ जमून सल्लामसलत करतात का कधी? खो मिळाला की उठायचं. पण हुशार खेळाडू खो दाबून ठेवतो. पळणारा चुकीच्या बाजूला झुकेपर्यंत थांबतो, मग देतो. घोळका नसला म्हणून उतावीळपणा करायलाच हवा असं कुठे आहे? हे वाक्य जावईबुवांना मोठ्यानं वाचून दाखव. सांगलीच्या माणसाचं आहे म्हणावं.

आता थोडं घरचं. आम्ही बफेलोला आलो 1987 साली, आणि पहिल्या हिवाळ्यातच ह्यांना बिल्सचं वेड लागलं. 8 जानेवारी 1989 ला सिनसिनाटीच्या बेंगल्सशी सेमीफायनल होती. सॅम वाइश नावाचा त्यांचा कोच घोळका न करता खेळवायचा, आणि आपले कोच मार्व्ह लेव्ही त्याबद्दल कुरकुर करत होते. सामन्याच्या तोंडावर लीगनं वाइशला दमही भरला. तरी बेंगल्स 21-10 जिंकले. आमचे हे आठवडाभर "ही फसवणूक आहे" म्हणून फणफणत होते. आणि वर्षभरानंतर तीच फसवणूक बिल्सनी उचलली तेव्हा? तेव्हा ती प्रतिभा झाली! नवऱ्यांच्या तत्त्वांचं असंच असतं, मनाला लावून घेऊ नकोस.

झालं असं की जानेवारी 1990 मध्ये क्लीव्हलंडशी 34-30 हरताना शेवटी घाईघाईत आपला क्वार्टरबॅक जिम केली जे खेळला, ते इतकं चाललं की कोचना वाटलं, हे शेवटच्या दोन मिनिटांसाठी कशाला राखून ठेवायचं? टेड मार्चिब्रोडा ऑफेन्सचे कोच होते. त्यांनी केलीला लाइनवर उभं राहून स्वतःच प्ले ठरवू दिले. त्याला के-गन म्हणतात. जावईबुवा 'के' म्हणजे केली असं सांगत असतील तर ते चूक. 'के' कीथ मॅकेलरचा. हा टाइट एंड, ब्लॉकही करायचा आणि पास पकडायला रिसीव्हरसारखा पळायचाही. खरी गोम इथे आहे. ऑफेन्सनं माणूस बदलला की डिफेन्सलाही बदलायला वेळ द्यावा लागतो, तसा नियमच आहे. म्हणजे समोरच्यांना अडकवून ठेवायचं असेल तर आपणही कुणाला बदलायचं नाही. त्यासाठी सगळी कामं येणारी माणसं लागतात. लग्नघरात एकच काकू वाढते, भांडी मोजते आणि भटजींना दक्षिणाही देते ना, तसा मॅकेलर.

20 जानेवारी 1991 ला रेडर्सना 51-3 असं लोळवलं, त्यातले 41 पॉइंट पहिल्या अर्ध्यात. पुढच्या रविवारी टँपाला सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, समोर जायंट्स. आमच्या बेसमेंटमध्ये मंडळातली नऊ कुटुंबं जमली होती. वर कोटांचा ढीग, खाली जिन्याजवळ बर्फानं ओले बूट, आणि मी वर बटाटेवडे तळत होते. तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला जायंट्सनी बॉल घेतला आणि 9 मिनिटं 29 सेकंद सोडला नाही. माझे दोन घाणे निघाले, बिल्स अजून डिफेन्सवरच! मध्ये तिसरा डाऊन, 13 यार्ड हवेत, आणि मार्क इंग्रॅमनं चौघापाचांचे हात झटकून 14 काढले. खाली एकदम शांतता. मी झारा हातात घेऊन जिन्यात आले तर आमचे हे टीव्हीला सांगत होते, "अरे धरा, धरा त्याला." धरणार कोण? पाय उरले होते कुठे त्यांच्यात?

सामना संपला तेव्हा जायंट्सकडे बॉल 40 मिनिटं 33 सेकंद राहिला होता, आपल्याकडे 19 मिनिटं 27 सेकंद. शेवटची आठ सेकंदं उरली असताना आपल्या स्कॉट नॉरवूडनं 47 यार्डांची किक मारली, ती खांबांच्या उजवीकडून बाहेर गेली. 20-19 असं हरलो. तळणीतले वडे काळे झाले, ते तसेच खाल्ले सगळ्यांनी. कुणाला चव कळली नसावी.

तर लेकाच्या बाजूनं हा पुरावा. पण त्यालाही सांग, एवढ्यावर नाचू नकोस. एका पॉइंटनं हरलेल्या सामन्याचा दोष नो-हडलवर टाकायचा तर आधीच्या आठवड्याच्या 51 चं श्रेय कुणाला द्यायचं? त्याला हवं तर 2017 चा सुपर बोल घे म्हणावं. अटलांटा 28-3 नं पुढे होती, आणि घड्याळ पळवायचं सोडून पास टाकत बसली. त्यांचे अख्ख्या सामन्यात 46 प्ले झाले, पॅट्रियट्सचे 93. शेवटी अटलांटाच्या डिफेन्सकडे बघवत नव्हतं. तिथे दोष नो-हडलचा नव्हता, चुकीच्या वेळच्या घाईचा होता. तशीच चिप केली या कोचची ईगल्स टीम. 2013 ला पहिल्या वर्षी 10 विजय, 6 पराभव, सगळी फिलाडेल्फिया खूश. सतत वेग, सतत वेग. बॉल त्यांच्याकडे सगळ्या लीगमध्ये सर्वांत कमी वेळ. 2015 ला 6-9 वर असताना नोकरी गेली.

माझा थोरला हायस्कूलला डिफेन्सिव्ह टॅकल होता. तुपावर वाढलेला मुलगा, अंगानं भरलेला. एका शुक्रवारी रात्री समोरची शाळा घोळकाच करेना. सातव्या-आठव्या प्लेला हा गुडघ्यांवर हात टेकून वाकलेला, माउथगार्ड बाहेर लोंबतोय, बाकाकडे बघून बदली मागतोय, आणि त्याला बाहेर काढायला सवडच नाही. तेव्हा मला पटलं, नो-हडल कामाचं आहे. पुढच्याच महिन्यात त्याच्या स्वतःच्या शाळेनं तोच प्रकार केला. तीन पास टाकले, तिन्ही जमिनीवर. मध्ये घड्याळ थांबलेलं, जेमतेम वीसेक सेकंदं खर्च झाली आणि लगेच पंट, म्हणजे बॉल लाथेनं उडवून समोरच्यांना देऊन टाकणं. पोरानं पाण्याची बाटली नुसती तोंडाला लावली होती, ती टाकून परत मैदानात. गाडीत बसल्यावर म्हणाला, "आई, आपलेच लोक मला मारतायत." तुझा लेक आज तेच म्हणतोय. तो आगाऊपणा करत नाहीये गं, ते त्याच्या पायांना माहीत आहे.

माझा कौल असा. बिल्सनी घोळका अजून कमी करावा, वेग मात्र जपून वापरावा. जॉश अॅलनसारखा धिप्पाड, पळणारा क्वार्टरबॅक असताना घोळका कशाला? लाइनवर लवकर उभं राहिलं की आणखी एक फायदा. कोचचा हेल्मेटमधला आवाज घड्याळात 15 सेकंद उरली की बंद होतो, म्हणजे आधी पोचलात तर समोरचा डिफेन्स बघून दोन शब्द सांगता येतात. वेग लावायचा तो पहिला डाऊन मिळाल्यावर, समोरचे जाडजूड गडी मैदानात अडकलेले असताना, आपला डिफेन्स नुकताच दहा मिनिटं बसून ताजा झालेला असताना. आपल्याच दहा यार्डांवर, वाऱ्यात, पहिला पास खाली पडलेला असताना वेग लावणं म्हणजे दूध उतू जाताना गॅस मोठा करणं.

पुढच्या रविवारी एक वही घे. प्रत्येक स्नॅपला घड्याळात किती सेकंद उरली ते लेक लिहील, घोळका झाला की नाही ते जावईबुवा लिहितील. ड्राइव्ह कसा संपला ते तू लिही. हो, तूच. आमच्याकडे ही वही तीन सीझन चालली. ह्यांचं अक्षर आणि थोरल्याचं अक्षर एकाच पानावर फक्त तिथेच सापडतं. चौथ्या क्वार्टरपर्यंत दोघं आपापलं म्हणणं थोडं थोडं खाली घेतात. जिंकत कुणीच नाही, पण तोवर जेवण झालेलं असतं.

बाकीचं पटकन. सासूबाईंना येण्याआधी विमा काढा आणि औषधांची चिठ्ठी डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्या. बर्फ पडायच्या आत आल्या तर बरं, नाहीतर पहिले दोन महिने खिडकीत बसून रडतील, माझ्या आईनं तेच केलं होतं. धाकटीचं म्हणशील तर मराठी शाळा रविवारी दुपारी सामन्याच्या वेळेलाच असते असं तू लिहिलंयस, मग पोरगी कंटाळणार नाही तर काय? वेळ बदलून मागा, आणि तोवर तिला त्या वहीवर मराठी आकडे काढायला बसव. आजी आली की अर्धं काम तसंही होईल. फ्लॅटचं सीएला विचार, मला कराचं ओ की ठो कळत नाही.

आणि वरणाचं राहिलं. परत गरम करायला तू उठायचं नाहीस. "तुम्हाला काही कळत नाही" हे आधी ज्याच्या तोंडून निघेल, तो उठेल. जावईबुवासुद्धा.